पडलेल्या झाडाचा धूर

वादळानंतर तिसऱ्या दिवशीही वीज आली नाही.
फ्रीजर रडायला लागले.
दाराखालून गुलाबी पाणी
ओट्यावर येऊ लागलं
आणि माश्यांना आमच्या उताराचा पत्ता कळला.

मिस इसिल्डा अंगणात उभी.
पुढ्यात पिमेंटोचं झाड, आडवं,
मुळांत लाल माती अजून घट्ट,
पडतानाही हातातली पिशवी
न सोडणाऱ्या माणसासारखं.

पडलं तेही नेमकं कुंपणावर,
अर्धं तिच्या बाजूला, अर्धं क्लोविसच्या.
याच झाडापायी अकरा वर्षं
दोघांत बोलणं नव्हतं.
तो म्हणायचा, मुळं माझ्या जमिनीत.
ती म्हणायची, फळं मी वेचते.
मोजणीवाला दोनदा येऊन
दोनदा जेवून गेला होता.

"आता झाड कुणाचं?" मी विचारलं.
मी दहाचा होतो, असंच विचारायचं वय.
तिने कोयता माझ्या हातात दिला.
"ओलं आहे तोवर तोड," म्हणाली,
"वाळलं की नुसतं सरपण."

खड्ड्यात निखारे.
निखाऱ्यांवर ओल्या फांद्या, मनगटाएवढ्या,
बोटभर अंतर सोडून.
त्यांवर मांस, मांसावर त्याच झाडाची पानं,
आणि सगळ्यावर पत्रा,
चर्चच्या छपराचा,
वाऱ्याने दोन केळीचे मळे ओलांडून आणलेला.
"पाद्रीबाबांनी विचारलं तर सांग,
अजून देवाच्याच कामाला आहे."

मग माणसं येऊ लागली.
मिस आयव्हरीन परातभर कोंबड्या घेऊन,
लेकीच्या लग्नासाठी राखलेल्या.
पोस्टमन लिनवल, डुकराची मांडी
खांद्यावर, झोपलेल्या पोरासारखी.
कुणी नुसतं मीठ आणलं, कुणी नुसती भूक.
ज्याचं छप्पर गेलं त्याने आणल्या मिरच्या,
त्या पिवळ्या, टोपीच्या आकाराच्या.
कापतानाच डोळ्यांतून पाणी.
त्या दिवशी ते बरंच होतं,
कशामुळे, कुणी विचारलं नाही.

माझ्याकडे एक बाटली, बुचाला भोक.
चरबी ठिबकून जाळ उठला
की तिथे शिंपडायचं.
"जाळ उतावळा," मिस इसिल्डा सांगे,
"वर कोळसा करील, आत रक्त ठेवील.
धुराला बसू दे."

सकाळी धूर पांढरा, दाट, खोकला आणणारा.
दुपारी निळसर झाला,
इतका विरळ, की दिसायला
मान तिरपी करावी लागे.
तेव्हा कुठे तिने मांस उलटवलं.
लवंग, जायफळ, दालचिनी
एकाच सालीतून घामासारखी सुटत होती,
आणि त्यांच्याही खाली आणखी एक वास,
ज्याला आजही माझ्याकडे नाव नाही.

दिवेलागणीला क्लोविस आला.
कुंपण उरलं नव्हतं,
तरी जिथे ते होतं तिथे येऊन थांबला.
हातात बकऱ्याचं मांस,
वर्तमानपत्राची शाई त्यावर उतरलेली.
काखेत फांद्या, त्याच्या बाजूच्या,
मनगटाएवढ्याच कापलेल्या.
मिस इसिल्डाने
पत्र्याचं एक टोक उचललं
आणि दुसऱ्या टोकाकडे बघितलं.
त्याने ते धरलं.
धूर दोघांच्या तोंडावर एकदमच आला.

रात्री कंदील दोन, माणसं चाळीस.
वादळाने पाडलेले नीरफणस निखाऱ्यांत भाजले.
मांसाची साल झाडाच्या सालीसारखी,
आत पातळशी गुलाबी कड.
क्लोविस पुष्कळ वेळ चावत राहिला,
हाड पुसल्यासारखं साफ केलं,
मग अंधाराला म्हणाला,
"मीठ कमी."

"तुझ्याच बकऱ्यात," ती म्हणाली.

वीज बाविसाव्या दिवशी आली.
तोवर झाड संपलं होतं.
शाळा सुरू झाली तेव्हा
वर्गातल्या सगळ्या सदऱ्यांना एकच वास,
बाई हजेरी घेता घेता मध्येच थांबल्या
आणि म्हणाल्या, भूक लागली.

पुढच्या वर्षी बुंध्याला कोंब फुटला.
तो नक्की कुणाच्या बाजूला
यावरून आता दोघं
रोज सकाळी, मोठमोठ्याने, भांडतात.